काकूंच्या अझेलियावर माझी फवारणी

मंगळवार, १० फेब्रुवारी. मंडळी, कितीतरी दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

शेजारच्या काकूंच्या गॅलरीत अझेलियाची कुंडी आहे. परदेशी जाण्याआधी त्यांच्या मुलीने आणून दिलेली. फुलली की तिला व्हिडिओ कॉलवर दाखवायची, असं काकूंनी ठरवलं होतं.

महिन्यापूर्वी पानं पिवळी पडली. काकू म्हणाल्या, "बोअरचं पाणी सुरू झाल्यापासून असं होतंय गं."

मी हसले. "काकू, माझं माहेर दिंडोरीचं, द्राक्षबागेत वाढलेय मी. हा डाऊनी आहे, द्राक्षावर पडतो तो बुरशीचा रोग." भावाकडून मोरचूद आणि चुना आणून दोनदा फवारलंसुद्धा.

पानं आणखी पिवळी पडली, कळ्या गळाल्या. आज एक फांदी नर्सरीवाल्या दादांना दाखवली.

"ताई, पान उलटून बघितलं का? डाऊनी असता तर खाली पांढरी बुरशी दिसली असती. इथं शिरा हिरव्या अन् मधलं पिवळं. बोअरच्या क्षारानं याला लोह मिळत नाय, अन् तुम्ही वरून चुना पाजून ते आणखी अडवलं!"

मी एकदाही पान उलटलं नव्हतं. माती बदलली तर झाड वाचेल म्हणाले, पण यंदाची फुलं गेली.

घरी आले तर काकू म्हणाल्या, "माझ्याच हाताला गुण नाही बघ." आणि मी गप्प राहिले. याचीच जास्त लाज वाटतेय.

तुम्हीही कधी असं गप्प राहिलात का?

उद्या: सकाळीच काकूंकडे जाऊन खरं सांगणे.