शफीकने मुरवलेला समुद्र

जऊळक्याच्या बाजारात गोमतीबाईंच्या ओसरीवर टिनाचं दुकान होतं. कंदील दुरुस्त करणारा, डब्यांना डाग देणारा कोणी शफीक तिथं बसतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दिवाळी उरकल्यानंतरच्या एका सकाळी मात्र त्यांनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं, कारण तो एका काचेच्या पेटीत चिमूट चिमूट सुकट टाकत होता आणि पेटीत रेती-पाण्याशिवाय काहीच नव्हतं.

"काय करून राह्यला रे?"

"पाण्याले खाऊ घालून राह्यलो, काकू."

गोमतीबाईंनी आयुष्यात पुष्कळ खुळे पाहिले होते. सख्खा दीरच त्यातला होता. पण पाण्याला जेवू घालणारा त्यांना हा पहिलाच भेटला.

हळूहळू सगळा प्रकार कळला. शफीकचा मामेभाऊ फय्याज मुंबईला गोदीत कामाला होता. शफीक त्याच्याकडे गेला असताना एका शेटच्या दिवाणखान्यात त्यानं समुद्रातले जिवंत मासे काचेच्या पेटीत फिरताना पाहिले आणि तेव्हापासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पेटी त्यानं मोडक्या कपाटाच्या काचांची केली. सांगाडा रॉकेलच्या डब्याचा होता, पण आतून सांध्यांना जाड डांबर लावलं होतं. या पाण्याला धातू लागता कामा नये, असं शेटच्या नोकरानं बजावलं होतं. समुद्राचं पाणी फय्याज लोणच्याच्या बरण्यांत भरून गावाकडे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हाती धाडी. हवेसाठी वर तिवईवर तळाला भोक पाडलेलं मडकं टांगलं होतं. त्यातून पेटीत थेंब थेंब पाणी पडे आणि पेटीतलंच पाणी शफीक पुन्हा मडक्यात भरी. शेजारणीकडून विरजण आणावं तशी शेटच्या जुन्या पेटीतली मूठभर रेती त्यानं ओल्या फडक्यात बांधून आणली होती.

"माशायची घाण माशायलेच मारते, काकू," तो सांगे. "थे घाण खानारं कायतरी त्या रेतीत असते. दिसत नाई. सुकट सडवली का थे वाढते. पानी मुरलं का मग मच्छ्या."

"लोणचं हाय का थे, मुरवाले?" गोमतीबाई म्हणाल्या आणि नाकाला पदर लावून आत गेल्या.

वास खरंच भयंकर होता. गिऱ्हाईक रस्त्यावरूनच कंदील पुढे करी. समोरचा हलवाई रामधन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, शफीकच्या मच्छ्या लय शहाण्या, पापी माणसाला दिसत नाहीत. पोरं यायची, रिकाम्या पाण्यात बोट दाखवून मोठ्या गंभीरपणे मासे मोजायची. शिळं वरण हुंगावं तसं शफीक रोज सकाळी पेटीवर नाक नेऊन पाणी हुंगे, आणि हे पाहिलं की गोमतीबाईंच्या डोक्यात तिडीक जाई. तशात त्यांचा पुतण्या किराण्यासाठी त्या ओसरीची जागा मागतच होता. त्यांनी शफीकला स्पष्ट सांगितलं, होळीला पेटीत जिवंत मासे दिसले तर ठीक. नाहीतर पेटी उचलायची आणि दुकानही.

शफीकला दुसरीकडे जागा नव्हती. तरीही त्यानं घाई केली नाही. फय्याज मासे पाठवायला तयार असताना तो 'अजून नको' असाच निरोप धाडत राहिला. रामधनच्या मते हा पराभव कबूल करायचा लांबचा रस्ता होता.

मग एका सकाळी पाण्याला वास येईना. नुसता गार, खारट दमटपणा. शिवरात्रीच्या चारदोन दिवस आधी फय्याज पॅसेंजरनं मांडीवर बरणी घेऊन आला आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे तीन मासे पेटीत उतरले. अख्खा बाजार लोटला. रामधन म्हणाला, रंगवलेले असतील. गोमतीबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी चार महिने? बोटायएवढ्या तर हायेत." त्यानंतर दिवसभरात त्यांनी ओसरी पाच वेळा झाडली.

शिवरात्रीला शफीक जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. गोमतीबाई महादेवाचं दर्शन घेऊन परतल्या. पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून पाणी ठिबकताना त्या आत्ताच पाहून आल्या होत्या, आणि इथंही तसंच मडकं ठिबकत होतं. खाली समुद्र होता. तो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आता पाहायचाही नव्हता. गाडी नदीच्या पुलावरून जाताना हात आपोआप कनवटीला जातो तसा गेला, आणि तांब्याचा एक भोकाचा पैसा पेटीत पडला. त्यांनी हात जोडले. मागून येणाऱ्या बायकांनी पाहिलं. मग काय, एकीनं टाकला, दुसरीनं टाकला, तिसरीनं चिमूटभर कुंकूही वाहिलं. पैसे रेतीत बसले.

चार दिवसांत मासे तळाशी जाऊन धापा टाकू लागले. आठवड्याच्या आत तिन्ही गेले. रामधननं बाजारभर पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं.

होळीच्या आदल्या दिवशी शफीकनं रेती उपसली. ओंजळभर हिरवट पडलेले पैसे घेऊन तो दारात उभा राहिला.

"काकू, दुकान खाली करतो. तुमी सांगतलं होतं." मग ओंजळ पुढे करून म्हणाला, "हे कोनं टाकले, मालूम हाय का?"

"लोकायचं काय सांगतं? कोठंबी हात जोडतात. अक्कल कोनाले हाय?" गोमतीबाईंनी त्या पैशांकडे पाहिलं नाही. सुपातले गहू त्या उगाच पुन्हा पुन्हा पाखडत राहिल्या. "अन् जातं कुठं? थे घाण माह्या ओसरीवर टाकून? पेटी धू. पुन्हा भर, पुन्हा मुरव. नाक दाबून बसीन मी, काय करतं. फक्त वरून जाळी ठोक. नाईतर माह्यासारखी एखादी येडी पुन्हा येईन अन् पैसा टाकीन."

शफीकनं पेटी धुवायला घेतली. पुतण्याला गोमतीबाईंनी त्याच संध्याकाळी नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मासे आले आणि चैत्राच्या उन्हापर्यंत जगले. त्यानंतर शफीकनं तो नाद सोडला.

दुकान अजून त्याच ओसरीवर आहे. आता ते त्याचा मुलगा पाहतो. शफीक सकाळी येऊन कुलूप उघडून देतो, गोमतीबाईंचं अंगण झाडतो आणि घरी जातो.