रसोईत वाजेल का?

नवा फोन बाजारात आला की झाशीच्या सदर बाजारातल्या आमच्या कॉम्प्युटरवाल्याला दिवसभर एकच प्रश्न ऐकावा लागतो, "भैयाजी, कैसा है?" आणि दिवसभर त्याचं एकच उत्तर असतं, "अभी रसोई में नहीं गया."

विचारणारा गोंधळतो. कुणाला वाटतं, हा कंपनीचाच काहीतरी शब्द असेल. एकदा छावणीतल्या एका मराठी हवालदाराची बायको दुकानात आली होती. मी मराठी आहे हे तिला ठाऊक होतं. माझ्याकडे सरकून ती हळूच म्हणाली, "ताई, फोन रसोईत नेऊन काय करतात हो हे? वाफ देतात?" मी कसंबसं हसू दाबलं, कारण ती रसोई आमची होती.

माझं ऑफिस त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून मी खाली त्याच्या दुकानात जाऊन बसते. खरेदी करायची नसते, नुसतं बघायचं असतं. कुठल्या प्रिंटरचं पोट उघडलंय, कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये पालीचं पिल्लू निघालं, कोण कुठला फॉर्म भरायला आलंय. आई मला भोचक म्हणते. मी स्वतःला चौकस म्हणते. आमच्यातला हा वाद जुना आहे.

दुकान मूळचं कॉम्प्युटरचं. आता समोरच्या काचेच्या कपाटात फोन असतात आणि कॉम्प्युटर मागे सरकलेत, पण पाटी बदलायला तो तयार नाही. तो माझ्याच वयाचा, बोलायला कमी आणि खाजगीत थोडा खवट. आमच्या घराशी त्याचा संबंध आला तो भांडणातून. त्याच्याकडून घेतलेला फोन घरात लागेना म्हणून मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "दीदी, घर दिखाइए."

घर ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो. भिंती इतक्या जाड की खिडकीत आईचा पापडाचा डबा आणि शेजारी मांजर, दोघं आरामात मावतात. समोरचं घर उंच, गल्ली अरुंद. खाली कुठेच नेटवर्क नाही. स्वयंपाकघर सगळ्यात आत, तिथे तर फोन म्हणजे नुसतं घड्याळ. भैयाजी आला, चपला काढून ओट्यापाशी उभा राहिला, स्वतःच्या खिशातले दोन फोन एकामागून एक काढून बघितले आणि म्हणाला, "गजब है. पूरी झाँसी में ऐसी जगह नहीं होगी." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मला मात्र त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसेना.

त्याने वायफाय घ्यायला सुचवलं. तार दोनदा ओढली, दोन्ही वेळा माकडांनी तोडली. तिसऱ्यांदा तारवाला आलाच नाही. तेव्हापासून भैयाजीने ठरवलं की कुठलाही नवा फोन आला की आधी आमच्या स्वयंपाकघरात वाजवून बघायचा. इथे वाजला तर कुठेही वाजेल. फोन येत गेले, तो येत गेला, आईच्या हातचा चहा पीत गेला, आणि एकही वाजला नाही.

आमच्या घरात नेटवर्क फक्त जिन्याच्या वळणावर येतं. त्या पायरीवर आई रोज सकाळी आंघोळ आटोपून उभी राहायची आणि गुरसरायला मावशीला फोन लावायची. आईचं माहेर झाशी जिल्ह्यातल्याच गुरसरायचं. धाकटी मावशी तिथेच गावात दिली. यजमान गेले, मुलगा बेंगळुरूला, अर्धं घर भाड्याने दिलेलं. घरात मराठी बोलायला कुणी नाही. आमच्याकडेही आई आणि मी, दोघीच. मी आईला मराठीत सुरुवात करून हिंदीत शेवट करते. ओगराळं, फडताळ, पाट मांडणे असले शब्द आईला फक्त मावशीजवळ पूर्ण वापरायला मिळायचे. म्हणून तो फोन रोज व्हायचाच.

वळणावर नेटवर्क यायचं, पण आवाज तुटका. तिकडे मावशीलाही अंगणातच रेंज. त्यामुळे दोघी बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. "कढी केलीस काऽऽ?" "बिजली नाही आली काऽऽल!" सगळी गल्ली ऐकायची. समोरच्या काकींना मराठी येत नाही, पण मावशीचं लोणचं मुरलं की बुरसलं हे त्यांना माझ्याआधी कळायचं. मला वाटायचं, या दोघींचं जग म्हणजे कढी, बिजली आणि लोणचं.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जिना सध्या विसरा. आईने बाकीचं सगळं पथ्य निमूट पाळलं, पण हे ऐकून तिचा चेहरा पडला. पहिल्याच सकाळी मी उपाय काढला. मी वळणावर फोन घेऊन उभी राहायची, मावशी सांगेल ते खाली ओरडून सांगायचं, आई ओरडून उत्तर देईल ते फोनमध्ये ओरडायचं.

"आई, मावशी विचारते, चालतेस का?"

"तिला सांग, चालते."

"चालते म्हणे, मावशी!"

"आई, मावशी म्हणते, कढी फुटू नये म्हणून काय करतेस?"

आईचं उत्तर यायच्या आत समोरच्या खिडकीतून काकींनी ओरडून सल्ला दिला, "अरे, पैलें बेसन घोलो अच्छे से!" कढी एवढाच शब्द त्यांना पुरला होता. तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. आईसुद्धा.

पण रोज हसू येत नाही. थोड्याच दिवसांत आई म्हणू लागली, "आज राहू दे. काही विशेष नाही सांगायचं." मी फोन लावला तर मावशीही म्हणायची, "सगळं ठीक. ठेव तू, ऑफिसला उशीर होईल." मी मुद्दाम वेळ काढून उभी राहायचे आणि दोघींना काही बोलायचंच नसायचं. आई दिवसभर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून असायची. जेवण कमी झालं. गुडघा बरा होत होता आणि आई मात्र खचत होती. मला काळजी वाटायला लागली, आणि मला काळजी वाटली की मी चिडते. एक दिवस दुकानात जाऊन मी भैयाजीवर चिडले. "इतके फ़ोन आते हैं. एक भी ढंग का नहीं बनता?"

तो म्हणाला, "कल एक आ रहा है. देखते हैं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मोठ्या पडद्यावर त्या फोनच्या अनावरणाचा कार्यक्रम लावला. दुकानात गर्दी झाली. मंचावर एक तरतरीत माणूस येरझाऱ्या घालत होता. या फोनने चंद्राचा फोटो निघतो, अंधारातला चेहरा उजळतो, फोटोतला नको तो माणूस पुसता येतो, फोन आपल्यासाठी पत्र लिहितो. पोरं टाळ्या वाजवत होती. भैयाजी मात्र एका प्रिंटरचा स्क्रू पिळत बसला होता. पडद्याकडे न बघता मला म्हणाला, "दीदी, एक चीज़ देखिएगा. फ़ोन कान से कौन लगाता है."

मी बघत राहिले. मंचावरच्या माणसाने फोन हातात फिरवला, उजेडात धरला, पाण्यात बुडवला, गालाजवळ नेऊन फोटोसुद्धा काढला. त्याच्यानंतर आणखी दोघं आले. अख्ख्या कार्यक्रमात एकानेही तो कानाला लावला नाही. मला हे भलतंच नवल वाटलं. इतकी वर्षं मी असले कार्यक्रम दुकानात बसून बघत आले आणि कधी लक्षातच आलं नव्हतं.

"हर बार ऐसा ही होता है," भैयाजी म्हणाला. "बात करने का कोई नाम नहीं लेता."

रविवारी तो फोन घेऊन आला. चपला काढल्या, आईला म्हणाला, "आईजी, का हाल हैं घुटने के?" मला ऐकून ऐकून तोही तिला आई म्हणतो, वर जी लावतो. त्याने आईच्या जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. मी सकाळीच जिन्यावरून मावशीला सांगून ठेवलं होतं की चहाच्या वेळेला आईच्या नंबरवर फोन कर, लागला नाही तर पुन्हा कर. मग आम्ही वाट बघत बसलो. भैयाजी फडताळाजवळच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात फोन हातात धरून उभा. गॅसवर चहा. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. फसलेल्या परीक्षांची तिला सवय होती, तरी तिचा जीव टांगणीला लागलाय हे दिसत होतं. माझाही लागला होता.

आणि फोन वाजला.

स्वयंपाकघरात असा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. मांजर खिडकीतून उडी मारून पळालं. भैयाजीने फोन आईच्या हातात दिला आणि आई सवयीने कडाडली, "हॅलोऽऽ! ऐकू येतंय काऽऽ?" तिकडून मावशीही तशीच ओरडली. ते आम्हालाही स्वच्छ ऐकू आलं.

"आईजी, धीरे बोलिए," भैयाजी म्हणाला. "सब साफ़ जा रहा है."

आईने फोन कानाशी नीट धरला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हं. बोल गं."

बस. त्यानंतर ती नुसती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिने तोंड भिंतीकडे वळवलं. भैयाजीने स्वतःच गॅस बंद केला, चहा कपात ओतला आणि कप घेऊन बाहेरच्या खोलीकडे निघाला. दारात थांबून त्याने माझ्याकडे बघितलं. मला जायचं नव्हतं. मावशी काय सांगतेय ते मला ऐकायचं होतं. तो तसाच दारात उभा राहिला, तेव्हा मी उठले.

बाहेरच्या खोलीत तो शांतपणे चहा पीत होता आणि मी कान टवकारून बसले होते. काही ऐकू येईना. वर्षानुवर्षं या घरात बसल्या जागी मला दोघींचा शब्द न् शब्द कळायचा आणि आज मधे एक भिंत असताना अक्षर कळत नव्हतं. त्या जाड भिंतींचा मला पुन्हा एकदा राग आला.

बऱ्याच वेळाने आईने हाक मारली. तिचे डोळे लाल होते, पण ती खुर्चीत ताठ बसली होती.

"ती इथे येतेय," आई म्हणाली. "राहायलाच. मी सांगून टाकलं ये म्हणून. तुला विचारलं नाही."

"विचारायचं काय त्यात? पण झालं काय?"

मावशीला गेले कित्येक महिने चक्कर येत होती. एकदा अंगणात पडली होती. संध्याकाळ झाली की तिला घरात एकटीला भीती वाटे, म्हणून सगळे दिवे लावून ती दाराशी बसून राहायची. मुलाला सांगितलं असतं तर तो उचलून बेंगळुरूला घेऊन गेला असता, आणि तिथे तिला कुणी ओळखीचं नाही. भाडेकरणीला कळलं असतं तर तिनेच त्याला कळवलं असतं.

"पण तुला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "रोज तर बोलत होतात."

"कसं सांगणार? तिकडे नळावर भाडेकरीण, इकडे अख्खी गल्ली. तीही ओरडत होती, मीही ओरडत होते. ओरडून कसं म्हणायचं गं, मला भीती वाटते म्हणून? आणि नंतर तर मधे तू."

मला लागलं ते. दोघींच्या सेवेत जिन्यावर उभी आहे असं मी समजत होते. आई रागाने बोलली नव्हती, फक्त जसं होतं तसं सांगत होती, म्हणून जास्तच लागलं. भैयाजीने फोनच्या रिकाम्या खोक्यात उगाचच डोकावून बघितलं आणि तो मुकाट्याने निघून गेला. फोन त्याने आमच्याकडेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका पोराने विचारलं, "कैसा है, भैयाजी?"

"रसोई में चलता है."

"कैमरा?"

"कैमरा अभी देखा नहीं."

मावशी त्याच आठवड्यात आली, दोन पिशव्या आणि लोणच्याची बरणी घेऊन. एवढंसं तोंड करून तिचा मुलगाही पोहोचवायला आला होता. तिची भीती आपल्याला कळलीच नाही हे त्याला खात होतं. मावशीला आता डॉक्टरांनी औषध दिलंय, चक्कर थांबली आहे. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून असतात. हळू बोलतात. मी आत गेले की थांबतात, आणि काय चाललंय विचारलं तर म्हणतात, "काही नाही गं." नवा फोन पिठाच्या डब्यावर पडलेला असतो. तो फारसा वाजत नाही.

मध्यंतरी आणखी एक नवा फोन बाजारात आला. भैयाजी रिवाजाप्रमाणे हजर झाला, चपला काढल्या, आईचं सिम त्यात घातलं आणि कोपऱ्यात उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. "आईजी, अब फ़ोन करेगा कौन?"

आई मावशीला म्हणाली, "जा गं, जिन्यावर जा आणि मला फोन लाव."

मावशीचे गुडघे चांगले आहेत. ती स्वतःचा छोटा फोन घेऊन वळणावर गेली. इकडे नवा फोन वाजला, लख्ख वाजला. आईने तो कानाला लावला आणि म्हणाली, "हं. बोल."

मावशीचं उत्तर आम्हाला फोनमधून आणि जिन्यावरून दोन्हीकडून ऐकू आलं.

"आता काय बोलू? मी खालीच येते."