फांदीसम्राट आणि उतावळ्या पेशी

आमच्या संस्थेत त्याला सगळे फांदीसम्राट म्हणत. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे वेगळ्या सुरात. त्याची नि माझी प्रयोगशाळा समोरासमोर, त्यामुळे हा माणूस मला रोज फुकटात पाहावा लागे.

उंदराच्या मेंदूत मोठेपणीही थोड्या नव्या चेतापेशी जन्माला येतात. अशा पेशीला हळूहळू डेंड्राइट फुटतात, म्हणजे इतर पेशींचे निरोप झेलणाऱ्या फांद्या. त्या कधी आणि कशा फुटाव्यात, हे बरंचसं रासायनिक संकेतांवर ठरतं. संकेत पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर येऊन थडकतो, आतली प्रथिनं तो हातोहात पुढे देतात आणि शेवटी जनुकं कामाला लागतात. सम्राटाने तरुणपणी असा एक संकेत पकडला आणि जाहीर केलं : संकेत जास्त, तर फांद्या जास्त. या एका वाक्यावर त्याने बढती घेतली, खुर्ची घेतली, आणि पुढे विचार करायचं कायमचं सोडून दिलं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्याची बायको त्याच्याच प्रयोगशाळेत काम करायची. मी तिला वहिनी म्हणतो. मेंदूच्या पातळ चकत्या कापणं, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून फांदी न् फांदी रेखाटणं, सगळं तिचं. सम्राट त्याला "हिचं भरतकाम" म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचा.

एकदा वहिनीने तोच संकेत पेशी अगदी कोवळी असताना वाढवून पाहिला. फांद्या फुटल्या खऱ्या, पण भलत्याच. एका सरळ खोडाऐवजी दोन-तीन, वेडीवाकडी, एकमेकींत अडकलेली. उशिरा वाढवला तेव्हा मात्र झाड देखणं आलं. म्हणजे प्रश्न किती याचा नव्हता, केव्हा याचा होता.

तिने त्याला बोलावलं. मीही तिथेच होतो. त्याने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्याला कळलं होतं. वर मान केली तेव्हा चेहरा उतरला होता, आणि क्षणभर मला त्याची कीव आली. क्षणभरच.

"उंदीर खराब निघाले," तो म्हणाला. "टाकून दे ही चित्रं."

"सगळ्या पिंजऱ्यांतले? एकदम?"

"मी सांगतोय ना!"

वहिनीने चित्रं उचलली. टाकली मात्र नाहीत.

पुढे एका परिषदेत सम्राट नेहमीची गुळगुळीत चित्रं दाखवत होता. एका पाहुणीने विचारलं, "संकेत लवकर दिला तर?"

"उलट आणखी जोमदार वाढ!" हा छातीठोक खोटं बोलला.

तिसऱ्या रांगेतून वहिनी उठली. "नाही. वाढ बिघडते. चित्रं आहेत माझ्याकडे."

"बघा, घरीही ही मला असंच बोलू देत नाही," तो हसत म्हणाला. लोकही हसले. वहिनी व्यासपीठावर गेली आणि तिने चित्रं पडद्यावर लावली. हशा जागच्या जागी विरला. सम्राट पाण्याचा ग्लास हातात धरून उभा राहिला. प्यायचं त्याला सुचलं नाही.

इतकं झाल्यावर माणूस गप्प बसतो. हा आठवड्याभरात सांगत सुटला, "योग्य वेळेचा मुद्दा मूळ माझाच." वहिनीने शोधनिबंध लिहिला, तेव्हा हा नाव मागायला तिच्या टेबलापाशी आला.

"खोली तर माझीच होती ना?"

"म्हणून आभारात घेते तुला," वहिनी म्हणाली. "पिंजरे धुणाऱ्या बाईंच्या नंतर."

तिने तसंच केलं आणि वरच्या मजल्यावर स्वतःची प्रयोगशाळा थाटली. घर मात्र एकच राहिलं. ते तिला कसं जमतं, हे मी कधी विचारलं नाही. त्याचे विद्यार्थी एकेक करून जिना चढून गेले.

सम्राटाने तो निबंध छापून घेतला, शेवटच्या पानावर आपल्या नावाला पिवळा रंग फासला आणि खोलीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून तो सांगतो, "आमच्याशिवाय झालं नसतं हो हे."