शर्वरी मधेच थांबते

शर्वरीचा हात ठोकळा धरून हवेतच थांबला. नजर माझ्या खांद्यापलीकडे, पापण्या किंचित फडफडत होत्या.

"शर्वरी?"

उत्तर नाही. मी तिच्या दंडाला हात लावला. तरी नाही. मग अचानक तिने ठोकळा ठेवला आणि काही झालंच नसल्यासारखी पुढे जुळवू लागली.

बंगळुरूत व्हाइटफील्डच्या एका चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये मी सायकॉलॉजिस्ट आहे. मुलांची समज, शिकणं वयाप्रमाणे आहे का, ते आम्ही तपासतो. शर्वरी पहिलीत. शाळेची तक्रार अशी, की लक्ष नसतं, वाक्यं अर्धी सोडते. असेसमेंट रिपोर्ट आणा, मग दुसरीचं बघू, असं शाळेने तिच्या आईवडिलांना सांगितलं होतं.

पुढची टेस्ट आकड्यांची. मी म्हणायचे, तिने ऐकून परत म्हणायचे. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा ती गोंधळली.

"मावशी, तुम्ही मधले आकडे म्हटलेच नाहीत."

मी म्हटले होते. विचारात हरवलेलं मूल हात लावला की भानावर येतं. ही येत नव्हती. फिटचा एक प्रकार असा असतो, की मूल पडत नाही, थरथरत नाही, फक्त काही क्षण त्याला काहीच कळत नाही. पण निदान करणं माझं काम नव्हे.

मी आमच्या हेडकडे, शैलजा मॅडमकडे गेले.

"स्कोअर किती?" त्यांनी विचारलं.

"कमी आलाय. पण मी तो देणार नाही. ती मधेमधे तिथे नसतेच. आधी न्यूरॉलॉजिस्टने बघायला हवं."

"आणि काहीच निघालं नाही तर? पेरेंट्सना उगाच घाबरवलं असं होईल."

"माहितीये."

त्यांनी कानडीत होकार दिला. "सरी. पण जपून सांग."

शर्वरीचे वडील निखिल पुण्याचे, आयटीतले. "ती लक्ष न लागण्याची एडीएचडी आहे की नाही, तेवढं सांगा ना मॅडम."

"आज नाही सांगता येणार. ती मधेच काही क्षण भान हरपून थांबते, हात लावला तरी कळत नाही. आधी ईईजी करून घ्या. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढतात. दुखत नाही. आणि तोवर तिला पाण्यात सोडू नका, तिथे असं झालं तर बुडेल."

सोसायटीच्या पूलमध्ये ती रोज स्विमिंगला जात होती.

तिची आई मधुरा हळूच म्हणाली, "जेवतानाही असंच होतं. घास हातात तसाच. मी म्हणते, नाटकं बंद कर."

न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर माझं दुसऱ्या कुठल्याच मुलात लक्ष लागेना. पापण्या खरंच फडफडल्या होत्या, की पोर नुसती कंटाळली होती? फोन वाजला की आधी नाव बघायचे.

शेवटी मधुराचा फोन आला. "मॅडम, फिटच निघाली. डॉक्टरांनी तिला जोरजोरात श्वास घ्यायला सांगितलं, तेव्हा मशीनवरच दिसलं. गोळ्या चालू केल्यात." मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

काही महिन्यांनी थांबणं बंद झाल्यावर पुन्हा टेस्ट घेतली. समज वयाप्रमाणेच होती. वाचन मागे होतं, त्यावर अजून काम चालू आहे. रिपोर्ट तेव्हा दिला. शाळेने तिला दुसरीत घेतलं.

'लक्ष देत नाही' ही तक्रार घेऊन आमच्याकडे रोज कुणी ना कुणी येतं. मी आता आधी एवढंच विचारते, की हात लावल्यावर तरी मूल बघतं का? बहुतेकांची मुलं बघतात. जे 'नाही' किंवा 'माहीत नाही' म्हणतात, त्यांच्या मुलाची टेस्ट त्या दिवशी होत नाही, आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते.