चेटकिणीची अंगणवाडी

मोहिनीला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या पिशवीत तिच्या नावाची टाईप केलेली तक्रार होती. फक्त सही बाकी होती. चेटकीण म्हणून छळलेल्या बायांच्या अशा नऊ तक्रारी मी आजवर पोलीस ठाण्यात नेल्यात. कोणी रडत सही केली, कोणी घाबरत केली, एकीनं अंगठा उठवला. पण "नाही करत" म्हणणारी ही पहिलीच. मला तिचा असा संताप आला की विचारू नका.

मी रीता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पिपरी मेघेत राहते. रविवारी आणि सुट्टीत अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या छोट्याशा गटाबरोबर हिंडते. माझे वडील चिंधू यांनी वयाच्या विसाव्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हाऱ्यातले टाक विहिरीत टाकले. आमच्या घरी दगडापुढे हात जोडणं बंद ते तेव्हापासून. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मोहिनीच्या अंगणातला दगड पाहून माझं डोकं का फिरलं ते कळेल.

गाव हिंगणीच्या पलीकडे, बोर धरणाच्या जंगलाला टेकलेलं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना अजून एकमेकांची तोंडं पाहायची आहेत. मोहिनी तिथली अंगणवाडी सेविका. वय एक्केचाळीस. गावातल्याच रूपरावांची धाकटी मुलगी. विसाव्या वर्षी सेलूत दिली होती. नवरा मारत नव्हता, पण बोलतही नव्हता. सहा वर्षं मुक्या घरात काढून ती एका सकाळी निघून आली ती परत गेली नाही. मग पिपरीच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिथं नर्सिंग शिकणारी एक शिलाँगची पोरगी जाताना एक इंग्रजी पुस्तक तिच्याकडे विसरून गेली. बारावी पास मोहिनी डिक्शनरी घेऊन दोन वर्षं ते पुस्तक वाचत बसली. रोज अर्धं पान. मग गावी परतून अंगणवाडीत लागली.

त्या पुस्तकात विक्का नावाच्या पंथाची माहिती होती. पंथ म्हणायचं, पण त्याला ना मठ ना महाराज. माती, पाणी, आग, वारा यांना पवित्र मानायचं. चंद्राच्या कला आणि ऋतूंचे आठ दिवस पाळायचे. कोणाचं वाईट न करता आपल्या मनाला पटेल तसं जगायचं, आणि दुसऱ्याला जे पाठवाल ते तिप्पट होऊन आपल्याकडे येतं हे ध्यानात ठेवायचं. बस. आणि हे पाळणाऱ्या बाया स्वतःला विच म्हणवतात. म्हणजे चेटकीण. ज्या शब्दानं युरोपात बायांना जाळलं, तोच त्यांनी उचलून कपाळावर लावला.

मोहिनीनं ते पुस्तक तसंच्या तसं गिळलं नाही. तिकडचे आठ दिवस बर्फाच्या हिशोबानं. आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीवाल्याकडे. तिनं आपले आठ दिवस ठरवले. पळस पेटतो तो. मोहाची फुलं पडायला लागतात तो. कपाशीचं पहिलं बोंड फुटतं तो. धरणावर पाहुणे पक्षी उतरतात तो. त्या दिवशी अंगणातल्या पळसाखालच्या काळ्या दगडावर एक वाटी पाणी, मूठभर माती आणि एक दिवा ठेवायचा आणि अर्धा तास गप्प बसायचं. अकरा वर्षं ती हे करत होती आणि गावाला त्याचं काही नव्हतं. जिथं प्रत्येक बांधावर शेंदूर फासलेला दगड आहे, तिथं बिनशेंदराच्या एका दगडाकडे कोण बघतो?

घोळ झाला संक्रांतीला. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईनं विचारलं, "हा कोणता देव वं?" मोहिनी वाण वाटता वाटता हसून म्हणाली, "देव नाई. धरती आहे. अन् हे करणारीले इंग्रजीत विच म्हणतात, आपल्यात चेटकीण." सांज व्हायच्या आत गावभर झालं. तरी थट्टेवारीच चाललं होतं. पण श्रावणात गावातल्या सात लेकरांना हगवण-ओकारी लागली, आणि थट्टा तिथंच संपली. सातही लेकरं अंगणवाडीतली.

खरं कारण आंधळ्यालाही दिसलं असतं. पाण्याचा पाइप नालीतून गेला आहे आणि नालीतच फुटला आहे. पण नाली सगळ्यांची, तिला शिव्या कोण देणार? चेटकीण मात्र एकटी असते, आणि सोयीची असते. सव्वीस पोरांची अंगणवाडी चारवर आली. आठ-दहा जणांनी अंगठे-सह्या करून वर अर्ज दिला आणि मोहिनीला नोटीस आली: पालकांच्या मनात आपल्याबद्दल भीती आहे, सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा सेवेबाबत विचार करावा लागेल. तिचं घर त्या मानधनावर चालतं. आई रुख्माबाई तिच्याजवळच राहते. पण पोट एकवेळ कसंही भरलं असतं. ते काम तिचं होतं, आणि तिला ते सोडायचं नव्हतं.

नोटिशीच्याच आठवड्यात पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मेढे उचलून, रोगराई वाहून नेणाऱ्या मारबतीच्या नावानं "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतात. यंदा गावानं सगळे मेढे आणून मोहिनीच्या फाटकात टाकले आणि ओरडले, "चेटकीण घेऊन जा गे मारबत!" मोहिनी दात घासत होती. तोंडातला ब्रश काढून ती फाटकावर आली आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली, "नालीचं पाणी घेऊन जा गे मारबत! फुटका पाइप घेऊन जा गे मारबत!" घोळका निघून गेल्यावर तिनं त्या फांद्यांचं वांग्याच्या वाफ्याला कुंपण केलं. हे मला तिच्या आईनं सांगितलं, कपाळावर हात मारत.

आणि मग तक्रार घेऊन मी.

मोहिनीनं चष्मा लावून कागद वाचला. पहिलं वाक्य होतं, "मी चेटकीण नसून गावातील काही लोक मला तसे हिणवून त्रास देत आहेत." तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"पहिलंच वाक्य खोटं आहे, मॅडम. मी आहो ना चेटकीण."

"अहो, चेटकीण असं काही नसतंच जगात!"

"करणी करणारी नसते. माह्यासारखी असते. हे काय तुमच्यासमोर बसून राह्यली."

"मोहिनीबाई, कायदा तुमच्या बाजूनं आहे. कोणाला चेटकीण ठरवून त्रास देणं गुन्हा आहे. पण तुम्हीच हो म्हणालात तर मी काय करू?"

"त्रास देणं गुन्हा आहे ना? मग तेवढंच लिहा."

रुख्माबाई चहा घेऊन आल्या. "म्हणून टाक ना वं एकदाचं नाई म्हणून. तोंड झिजते काय तुह्यं?"

"माय, झिजतेच."

मी दगडाच्या विषयावर घसरले. म्हटलं, एवढी शिकलेली बाई तुम्ही आणि दगड पुजता? ती म्हणाली, पुजत नाही, त्याच्याजवळ बसते. मी म्हटलं, फरक काय? आमच्या वडिलांनी असले सगळे दगड एका दिवसात फेकले. आणि मग मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, जरा ऐटीतच. तिनं शेवटपर्यंत ऐकली.

"मॅडम, तुमच्या बाबानं गावाले इचारून दीक्षा घेतलती काय?"

वडील परत आले तेव्हा गावानं वर्षभर त्यांना विहिरीवर, गिरणीवर, कामावर कुठंच उभं केलं नव्हतं. "मी बौद्ध नाही" एवढं म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. ते म्हणाले नाहीत, म्हणून मी आज मास्तरीण आहे. आणि मी काय घेऊन आले होते? एका बाईनं स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या कष्टानं जे निवडलं, ते तिनं नाकारावं म्हणून तीन प्रतींत टाईप केलेला कागद. मला माझीच लाज वाटली. दगड मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पण तो माझ्या पटण्यासाठी तिथं ठेवलेलाच नव्हता.

त्याच दिवशी चार वाजता मारुतीच्या देवळात तंटामुक्ती समितीची बैठक होती. अध्यक्ष बापूराव. माणूस वाईट नाही. भांडणं मिटवायची त्यांना मनापासून हौस, आणि एकदा मिटलं की ते नेमकं काय होतं याची चौकशी ते करत नाहीत. पुरुष सभामंडपात, बाया पायऱ्यांच्या कडेला. मी मोहिनीशेजारी बसले.

"मोहिनी, तू आमचीच लेक हायेस," बापूराव म्हणाले. "गोष्ट लई वाढवू नको. मारुतीच्या पायरीवर हात ठेव अन् म्हण, मी चेटकीण नाई. दगड उचलून बोर धरणात टाकून दे. उद्यापासून सारे पोट्टे अंगणवाडीत. अर्ज आमी वापस घेतो."

एका वाक्यात सगळं परत मिळत होतं. आणि ते वाक्य माझ्या पिशवीतलंच होतं.

मोहिनी उठली, पायरीपाशी गेली. हात ठेवला नाही.

"बापूकाका, ह्या मारुतीवर माहा राग नाई. लहानपणापासून पाहून राह्यली मी त्याले. पण त्याच्या पायरीवर हात ठेवून मी खोटं बोलू? तुमी सारे मारुतीले मानता, अन् मले त्याच्यासमोर खोटी शपथ खायले लावता?"

बापूरावांनी टोपी काढून परत घातली. हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. खोटी शपथ म्हणजे आमच्या भागात निर्वंश.

"मी चेटकीण आहो," मोहिनी म्हणाली. "म्हणजे काय ते आजवर एकानंबी इचारलं नाई. माह्या धर्मात नियम एकच आहे, कोणाचं वाईट करायचं नाई. केलं तं तिप्पट वापस येते. आता मले सांगा, सात लेकरायले पाडून मी एकवीस दुखणे कायले घेऊ अंगावर? लेकरं पाण्यानं पडले. पाइप अजून नालीतच आहे. त्याच्यावर बैठक कधी घेता?"

"पाइपाचा विषय आज नाई," कोणी तरी मागून म्हणालं.

"मंग राजीनामा देऊन दे!" दुसरा ओरडला.

"नाई देत. काढायचं असन तं काढा, कागदावर कारण लिहून काढा. तवापर्यंत उद्या साडेनवाले दार उघडन. चार पोट्टे आले तं चारायसाठी खिचडी शिजवीन. एकबी नाई आलं तं दार उघडं ठेवून बसन. हे म्या साऱ्यायसमोर सांगितलं."

बैठक कशीबशी उठली. ठराव काहीच झाला नाही, कारण कशाचा करायचा हेच कोणाला कळेना. माझी शेवटची एसटी गेली होती. मोहिनीच्या घरी पिठलं-भाकर खाऊन मी वहीच्या कागदावर हातानं नवी तक्रार लिहिली: "मी चेटकीण आहे. असे असणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. त्यावरून माझ्या दारात घाण टाकणे आणि माझे काम काढून घेण्यासाठी खोटे आरोप करणे हा गुन्हा आहे." मोहिनीनं ती दोनदा वाचली आणि सही केली. ठाण्यातले लोक हसतील, उद्या वाद घालावा लागेल हे मला माहीत होतं. घालू. नोटिशीचा खुलासाही तिनं त्याच रात्री लिहिला, चार ओळींचा. त्यात पाइपाला दोन ओळी होत्या.

सकाळी साडेनऊला तिनं अंगणवाडीचं दार उघडलं. चार पोरं आली, नेहमीचीच. अंगणवाडी बापूरावांच्या घराला लागून. ते ओट्यावर पेपर घेऊन बसले होते आणि वाचत नव्हते. पावणेदहा. दहा. मोहिनी पोरांना बाराखडी म्हणायला लावत होती आणि मी दारात उभी राहून रस्ता पाहत होते. रस्त्यात एक कुत्रं आणि ऊन. मला रडू यायला लागलं होतं, रागाचं.

सव्वादहाला अन्नपूर्णा आली. तिची तीन वर्षांची परी त्या सातांतली सगळ्यात जास्त आजारी होती. डोळे पांढरे केले तेव्हा मोहिनीनंच तिला उचललं होतं आणि मिळेल त्या गाडीला हात देत सेलूच्या दवाखान्यात पोचवलं होतं. त्यानंतर अन्नपूर्णाला नवऱ्यानं मोहिनीच्या दाराकडे फिरकू दिलं नव्हतं. आता ती परीचं बोट धरून भर रस्त्यातून चालत आली, डोक्यावरचा पदरही न सावरता.

"अन्नपूर्णा, पाह्यजो बाई," बापूराव ओट्यावरून म्हणाले. "लेकराचा प्रश्न हाये."

ती थांबली.

"लेकराचाच प्रश्न हाये, काका. हिले कडेवर घेऊन सेलूले पळाली, तवाबी ते चेटकीणच होती."

आणि तिनं परीला आत सोडलं.