कप्तानाची बाव

माझ्या होडीत बसलेला पर्यटक डॉल्फिन बघायला येतो आणि माझं तोंड बघून परत जातो, असं गावात म्हणतात. ते खरं आहे. डॉल्फिन दिसला नाही तर मी तो तोंडाने दाखवतो. माझ्या एका डॉल्फिनने पुण्याच्या बाईंचा गॉगल पळवला होता आणि दुसऱ्या दिवशी तो घालून आला होता. पर्यटक हसतात, मीही हसतो. सगळ्यांचा दिवस बरा जातो.

पण खरी गर्दी खेचायची ती कप्तानाची बाव. अमावास्येच्या मोठ्या सुकतीला पाणी पार मागे हटलं की समुद्रात चिऱ्यांचं एक गोल कडं उघडं पडतं. तीनशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज कप्तानाने इथे विहीर खोदली, तळाशी सोन्याचा नांगर पुरला आणि समुद्राला राखणीला बसवलं, असं मी सांगायचो. माझ्या मुलीलाही मी तेच सांगून वाढवलं.

मुलगी कुडाळला कॉलेजात जाते. गेल्या दोन वर्षांत तिने आणि तिच्या सोबतच्या सात-आठ पोरांनी किनाऱ्यावर बांबू रोवले, पाणी कुठवर आलं ते दर पंधरवड्याला लिहून ठेवलं. गावात वाळूचा जो उंचवटा आहे, केवड्याचा आणि सुरूचा, तो सपाट करून गाड्यांचा तळ करायचं घाटत होतं. तो गेला तर पाणी थेट घरांत येईल, असं पोरांचं म्हणणं. आम्ही म्हणालो, शिकलेली पोरं, करू देत.

मग मुलीची झोप गेली. भरतीच्या वेळा तिला तोंडपाठ. वर्गातून फोन करायची, "बाबा, पाणी खंयवर इलां?" पाणी आलंच तर घेऊन पळायला दारामागे एक पिशवी भरून ठेवलेली: रेशनकार्ड, दाखले, तिच्या आईची औषधं. जेवताना ताट तसंच. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी तासभर बोलून मला आत बोलावलं. म्हणाल्या, "तिची भीती खोटी नाही. घरात कुणीतरी तिचं खरं मानायला हवं, एवढंच आधी करा." मी मान हलवली आणि बाईंना सोन्याच्या नांगराची गोष्ट सांगून बाहेर आलो.

ग्रामसभेत मुलगी उभी राहिली. कागद हातात धरून नीट बोलली. तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक जण ओरडला, "अगो चेडवा, समुद्र काय आज येता? तीनशे वर्सांपूर्वी कप्तानाची बाव गिळल्यान. तुझ्या बापाशीकच विचार!"

सभा हसली. कुणीतरी म्हणालं, "सांग रे, ती गजाल सांग."

आणि मी उठलो. देवाशपथ, पाय आपसूक उठले. कप्तानाची मिशीसुद्धा पिळून दाखवली. लोक पोट धरून हसले. उंचवट्याचा विषय पुढच्या सभेवर गेला. मुलीने कागदाची घडी घातली आणि एकटी घरी गेली.

त्यानंतर पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सहाव्या दिवशी अमावास्या होती. सकाळी मीच म्हटलं, "चल गो बाय, होडीत बस." बसली. कड्यापाशी मी नांगर टाकला आणि गुडघाभर पाण्यात उतरलो. तिचा हात धरून एका चिऱ्यावर ठेवला. तिथे दोराने घासून पडलेली खाच आहे, तीन बोटं बसतील एवढी.

"ही कप्तानाची नाय. माझ्या आवशीची बाव. हयसर आमच्या घराचां परसू होतां."

तिने खाचेत बोटं घातली. "म्हणजे आजीची?"

"मी वीस वर्सांचो होतंय तेव्हा गेली. एका पावसात नाय, हळूहळू. आधी पाणी खारां झालां, मग कठडो गेलो."

"मगे माका कित्याक खोटां सांगलास?"

"बाव गेल्यार आवस रोज किनाऱ्यार बसान हयसर बघायची. माका तां बघवत नाय होतां. कप्तान बरो वाटलो."

खाचेतली बोटं न काढताच ती म्हणाली, "सभेत सांगशात?"

सांगितलं. पुढच्या सभेत हात जोडून, मिशी न पिळता, जसं होतं तसं. लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले. "ह्येका आता आवस आठावली! उद्या म्हणतलो, समुद्रय आमच्या बापाशीचो!" मी उभाच राहिलो. तीस वर्षांच्या थापांची माझी कमाई ती, माझ्याच पदरात पडली. विषय पुन्हा पुढे गेला.

घरी आल्यावर मुलीने वही काढली. समुद्रात गेलेल्या विहिरींची यादी होती त्यात; खाली एक ओळ वाढवली. मग मान वर न करता विचारलं, "पाणी कसां होतां तिचां?"

उसाच्या रसासारखं, असं जिभेवर आलं होतं. गोव्याहून माणसं प्यायला यायची, हेही मागोमाग येत होतं.

"उन्हाळ्यात जरा मचूळ," मी म्हटलं. "पण आटलां कधी नाय."

तिने तसंच लिहून घेतलं. मग ताट पुढे ओढलं आणि भाताचा पहिला घास घेतला. पिशवी अजून दारामागेच आहे. मी ती काढायला सांगितलेली नाही. तिच्या आईच्या औषधांखाली मीही माझा चष्मा ठेवलाय.