पायताणवाला एक, अनवाणी सात

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी दुकान उघडलं ते फुटबॉलच्या जर्सींवरचे आकडे उचकटायला. खेळाच्या कपड्यांवर छपाई हा माझा धंदा. जुने आकडे बारीक आणि नाजूक होते, पोरींनीच पसंत केलेले. त्यांत एक आणि सात लांबून सारखेच दिसत.

मागच्या सामन्यात माझ्या लेकीनं, म्हणजे सतरा नंबरनं, गोल केला आणि लाउडस्पीकरवर पुकारा झाला अकरा नंबरचा.

"मम्मी, गोल मी मारलो आणि टाळ्या तिला!"

आज जिल्हा संघाची निवड होती. निवडणारी माणसं पोरींना फक्त नंबरावरून ओळखणार होती.

म्हणून मी कॉम्प्युटरमधला सगळ्यात दणकट टाइप काढला. स्लॅब सेरिफ, ठळक, तिरका. जाडजूड आकडे, पुढं झुकलेले, टोकांना चौकोनी पट्ट्या. एकाच्या बुडाशी आडवी जाड पट्टी, पायताण घातल्यासारखी. साताची पट्टी वर, कपाळाशी. खाली तो अनवाणी. चुकायला जागाच नाही. शिवाय जाड आकड्यांखाली जुन्या डिंकाचे डागही झाकले गेले.

लेकीनं जर्सी उलटीसुलटी करून बघितली.

"असलं? ट्रकच्या मागं असतंय तसलं दिसतंय की!"

"ट्रकच्या मागचं मागच्याला वाचता येतंय का न्हाय?"

"येतंय."

"मग घाल आणि पळ."

मैदानावर मी मुद्दाम सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. तिथून चेहरे ओळखू येत नव्हते, आकडे येत होते. ते तिरके असल्यामुळं नुसती उभी असलेली पोरगीसुद्धा पळायच्या बेतात वाटत होती.

उत्तरार्धात उजवीकडून चेंडू आला आणि लेकीनं डाव्या पायानं हाणला. जाळी हलली. मी टाळी वाजवली नाही, लाउडस्पीकरकडं कान लावला.

"गोल! नंबर सतरा! सतराच हाय पावणं, ह्या खेपंला चष्मा न पुसता सांगतोय!"

मैदान हसलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाची ओ ही?"

"आमची," म्हणाले आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

संध्याकाळी संघ जाहीर झाला. सतरा नंबर त्यात होता. अकराही होती, स्वतःच्या खेळावर. समोरच्या संघाचे प्रशिक्षक माझ्याकडं आले.

"काकी, आमच्या पोरींस्नीबी ते ट्रकवालं आकडं द्या की."

"पायताणवाले म्हणा," मी सांगितलं. "आणि जर्सी धुऊन आणा."

छापलेली जर्सी उलटी करून सावलीत वाळवायची असते. गिऱ्हाइकांना मी तसं बजावून सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतरा नंबरची जर्सी धुतली, सुलटी केली आणि तिची आकड्याची बाजू रस्त्याकडं करून भर उन्हात वाळत घातली.